आठ किलोमीटर, शंभर मिनिटं

२२ जून २०२५

चि. अश्वजित,

जय भीम.

तुझा पत्ता हर्षाने दिला. देत नव्हती. "बाबा, तुमी पुन्हा त्याले गणितच लिहान," असं म्हणाली. मी म्हटलं, दहा ओळींच्या वर लिहिणार नाही. तू माझा फोन उचलत नव्हतास, मागच्या वर्षापासून तर तो लागतही नाही. हर्षा म्हणते, नंबर ब्लॉक केला की असं होतं. ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

माझी प्रकृती बरी आहे. गुडघा सोडला तर. वावर यंदाही मक्त्यानं दिलं. ट्रॅक्टर शेडमध्ये झाकून ठेवला आहे.

मी माफी मागायला लिहितो आहे असा समज करून घेऊ नकोस. तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाला चार माणसं जमली असताना मी ओसरीतल्या ट्युशनच्या फळ्यावर जे मांडलं, ते गणित होतं, शिवी नव्हती. आपल्या वावरापासून सिहोऱ्याचा दवाखाना आठ किलोमीटर. ट्रॅक्टरचा वेग ताशी वीस, तोही मी कमीच धरला. म्हणजे चोवीस मिनिटं. नाल्यावरच्या रपट्यावर पाणी होतं, त्याची दहा मिनिटं वरून दिली. झाली चौतीस. तुझ्या आईला, पार्वताला, धानाचा रोवणा करताना साप चावला तो अकरा वीसला, आणि दवाखान्याच्या रजिस्टरात नोंद आहे एक वाजताची. शंभर मिनिटं. शंभरातून चौतीस गेले, सहासष्ट उरले. ही सहासष्ट मिनिटं तू आईला घेऊन कुठं होतास, एवढंच मी विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस. मागून कोणीतरी मोहाच्या दारूच्या भट्टीचं नाव घेतलं. ते मी घेतलं नव्हतं. पण मी त्याला गप्पही बसवलं नाही, हे खरं आहे.

आता लिहिण्याचं कारण. आपला रस्ता पुन्हा डांबरी करायचा आहे, दिवाळीनंतर. मोजणीसाठी उर्वशी आली होती. माझी विद्यार्थिनी, सातवीत माझ्या वर्गात होती, आता रस्त्याच्या कामावर इंजिनियर आहे. तिच्या हातात ते मोजायचं चाक पाहिलं आणि मला राहवेना, मीही तिच्यासोबत चालत निघालो. रस्त्यावर आडवे काप आहेत, वीत-वीतभर अंतरावर, जसे कोणी कोयत्यानं मारत गेलं असावं. तीन वर्षं मी त्यांच्यावरून सायकल नेतो आहे आणि ज्यानं नवाकोरा रस्ता असा फाडला त्याचा उद्धार करतो आहे. २०२२च्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभा राहून तक्रारसुद्धा दिली होती. तू तेव्हा निघून गेला होतास, म्हणून तुला ठाऊक नसेल.

उर्वशी म्हणाली, "सर, हे केजव्हीलचे काप आहेत. चिखलणीची लोखंडी चाकं लावून कोणीतरी ट्रॅक्टर इथून सिहोऱ्यापर्यंत नेला. एकाच फेरीत. तेव्हा डांबर नवं होतं, म्हणून उमटले."

मी विचारलं, सुरू कुठून होतात? तिनं बोट दाखवलं. आपल्याच वावराच्या धुऱ्यापासून, बांधापासून.

एकच प्रश्न आहे. त्या दिवशी ट्रॅक्टरला मागची चाकं कोणती होती, रबरी की लोखंडी? सोबत कार्ड ठेवलं आहे, त्यावर माझा पत्ता लिहिलेला आहे. एका शब्दात उत्तर दे.

२६ जुलैला तिला जाऊन तीन वर्षं होतील. येता आलं तर ये.

तुझा बाप,
तेजराम

(दहा ओळींत मावलं नाही. हर्षाला सांगू नको.)


६ जुलै २०२५

अश्वजित,

मागचं पत्र मी शाळेच्या भाषेत लिहिलं. टाकण्याच्या आधी वाचून पाहिलं तं इन्स्पेक्टरले अर्ज लिहिल्यासारखं वाटलं, पण तवा तसंच पेटीत टाकून देलं. आता आपल्या भाषेत लिहितो. खोटं बोलाले मले शाळेचीच भाषा सोपी जाते, असं आता वाटाले लागलं आहे.

तुह्या कार्डाची वाट पाहिली नाही. दम निघाला नाही. मंदाबाईकडे गेलो. दरसाली ती रोवण्याच्या बाया घेऊन येते, त्या दिवशीही तीच होती. मी विचारलं, मंदाबाई, त्या दिवशी ट्रॅक्टरले कोणती चाकं होती वो? ती माह्याकडे अशी पाहाले लागली, जसा मी याड लागल्यागत बोलून राहिलो.

"कोनती म्हंजे? चिखल चालू होता ना गुरुजी. लोखंडीच असतीन."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कवा? तुमी तं फळ्यापाशी खडू घेऊन उभे होते. आमाले वाटलं, तुमाले ठाऊक हाय अन तरीबी पोराले बोलून राहिले. म्हनलं, शिकले-सवरले लोक, त्याहीच्या घरचं त्याहीले."

तीन वर्षं, अश्वजित! गावात साऱ्यांले ठाऊक, बायांले ठाऊक, अन तीस वर्षं पोट्ट्यांले 'आधी दिलेली माहिती लिहा, मंग गणित करा' शिकवणाऱ्या मास्तरले नाही ठाऊक. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मंग तिनं सगळं सांगितलं. आई चावलं म्हणून ओरडली, तू ट्रॅक्टर धुऱ्यापाशी आणला, मंदाबाईच्या लुगड्यानं तिले आपल्या पाठीशी बांधलं. बाया गावाकडे पळाल्या, कोणाची मोटरसायकल भेटते का पाहाले. ॲम्ब्युलन्सले फोन लावला, ते दुसऱ्या गावाले गेली होती. रपट्यावर मांडीभर पाणी, मोटरसायकलवाला कोणी निघाले तयार नाही. त्या बाया अर्ध्या घंट्यानं वावरात परत आल्या तं तुहा ट्रॅक्टर अजून दिसत होता म्हणे. "अर्धा घंटा झाला तरी दिसत होता गुरुजी. खट-खट आवाज आयकू येत होता. आमी तोंडात पदर घालून पाहात होतो."



मंग मी गणित पुन्हा केलं. यावेळी वेग मनानं नाही धरला. मक्तेदाराचा ट्रॅक्टर चिखलणी करून धुऱ्याच्या रस्त्यानं येत होता, लोखंडी चाकांवर. मी पन्नास मीटर दोरीनं मोजून ठेवले अन घड्याळ घेऊन उभा राहिलो. छत्तीस सेकंद लागले. म्हणजे ताशी पाच. आठ भागिले पाच, एक तास छत्तीस मिनिटं. शहाण्णव. अन पाण्यात काय, डांबरावर काय, त्या चाकाले वेग एकच. त्याच्यापेक्षा जोरात नेलं तं गचक्यानं माणूस खाली पडते.

शंभरातून शहाण्णव गेले. सहासष्ट नाही, चार उरले गा, चार.

मी तो रस्ता पायी चाललो, गुडघा धरून, कापांवर नजर ठेवून. सारे सारख्या अंतरावर आहेत. एकाच ठिकाणी खोल बसले आहेत, रपटा पार केल्यावर मोहाचं झाड लागते त्याच्याखाली. चाक उभं राहिलं की नवं डांबर बसते. तिथं तू थांबला होता. चार मिनिटं.

तू सहावीत असतानाची एक गोष्ट आठवली. मी फळ्यावर लिहिलं होतं, एक सायकलस्वार ताशी बारा किलोमीटर वेगाने तीन तास जातो, तर किती अंतर कापेल? तू हात वर करून म्हटलं होतं, "गुरुजी, हा मंधात मुताले थांबत नाही का?" सारा वर्ग हसला. शाळेत बापाले गुरुजी म्हणत होता तू. मी तुले दोन छड्या मारल्या. आज त्या रस्त्यावर उभा राहून मले समजलं, का त्या वर्गात गणिताचा खरा प्रश्न एकट्या तूनंच विचारला होता.

मी चुकलो. लोकांसमोर चुकलो. तुले आईच्या मरणाचा धनी केलं. हे लिहाले तीन वर्षं लागली, त्याचा वेग तूच काढ.

आता एक अजून लिहितो, कारण ते लपवलं तं बेइमानी होईन. दोन्ही रबरी चाकं चढवाले पस्तीस मिनिटं लागतात, जॅक लावून, दोन माणसं असली तं. पस्तीस ते अन रस्त्याची चौतीस, एकोणसत्तर. म्हणजे चाकं बदलून निघाला असता तं एकतीस मिनिटं आधी पोचला असता. मले वाटते हे गणित तूनंही केलं आहे. तीन वर्षं रोज करून राहिला असशील. म्हणून फळ्यासमोर गप्प होता. मी समजत होतो माह्या पोराले गणित येत नाही. पण त्या टायमाले कोण घड्याळ पाहते? आई पाठीवर, तोंडाले फेस, तू निघाला. निघालाच पाहिजे होतं.

आणखी एक गोष्ट लिहाची होती. पेन थांबला. राहू दे.

तुहा बाप


२७ जुलै २०२५

अश्वजित,

तुहं कार्ड भेटलं. एक शब्द. 'लोखंडी.' मी उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, तिकिटाखाली काही लिहिलं का तेही पाहिलं. एका शब्दात उत्तर दे म्हटलं तं पोट्टा एकच शब्द लिहिते. मीच शिकवलं आहे म्हणा.

काल तू आला नाही. हर्षा आली होती, जावई आले होते. विहारात वंदना झाली, लेकरांले खीर वाटली. दर मोटरसायकलच्या आवाजाले मी फाटकाकडे पाहून राहिलो होतो, हर्षानं पाहिलं. दुपारी मले भयानक राग आला. ताट सरकवून देलं. म्हटलं, बाप पाया पडाले आला तरी याचा ताठा जात नाही! हर्षा म्हणाली, "बाबा, तुमी पत्रात सगळं लिहिलं का?" मी म्हटलं, सगळं लिहिलं. तिनं फक्त मान हलवली. ते मायवर गेली आहे, बोलत नाही, पाहते.

सगळं लिहिलं नव्हतं.

आज सकाळी सिहोऱ्याले गेलो, सायकलच्या चाकात हवा कमी होती. पंक्चरवाल्या मोनूच्या दुकानात उभा होतो. तीन वर्षं मी त्याच्या दुकानावर गेलोच नव्हतो, हवा भराले चौकातल्या दुसऱ्याकडे जात होतो. काहून जात होतो हे मी मले कधी विचारलं नाही. मोनू म्हणाला, "गुरुजी, तुमची ट्यूब अजून टांगली हाय. कोनी आलंच नाही न्याले." छताच्या खिळ्याले मोठी ट्रॅक्टरची ट्यूब, धुळीनं पांढरी झालेली. त्यावर खडूनं त्याच्या अक्षरात 'गुरुजी'.

आता आयक. मागच्या पत्रातलं ते एकतीस मिनिटांचं गणित खोटं आहे. लिहितानाच मले ठाऊक होतं का ते खोटं आहे, तरी मी ते तुले पाठवलं. चाकं बदलताच येत नव्हती. एका रबरी चाकाची ट्यूबच घरी नव्हती. ते पंक्चर काढाले मोनूकडे पडली होती, अन आणाचं काम माह्याकडे होतं. लोखंडी चाकंच लागली होती हे मले तवापासूनच ठाऊक होतं, तीन वर्षं मी ते मले आठवू देलं नाही.

आदल्या दिवशी तू मले म्हटलं होतं, "बाबा, सिहोऱ्याले जाऊन राहिले तं ट्यूब घेऊन येजा, कवा काय लागते सांगता येत नाही." मी सांजचा परत आलो अन तुले सांगितलं, दुकान बंद होतं. दुकान बंद नव्हतं. मी गेलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी तुमसरले आमचा रिटायर मास्तरांचा सत्कार होता. मी पांढरा सदरा इस्त्रीले टाकला होता, तो आणाले गेलो होतो. सदरा हातात होता. ट्यूब असते काळी, मळकी. मोटरसायकलवर दोन्ही कसे नेऊ? म्हटलं, उद्या-परवा नेऊ, लोखंडी चाकं तं लागलीच आहेत, चिखलात रबरी चाकाची घाई कायले? सदरा नीट घरी आणला. खिळ्याले टांगला. त्याले डाग लागू देला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो सदरा घालून, मोटरसायकल घेऊन तुमसरले गेलो. 'कामानं गेलो होतो' असं मी साऱ्यांले सांगतो. माह्या गळ्यात हार होता. मी भाषण करून राहिलो होतो. खिशात फोन तीन वेळा थरथरला, मी काढला नाही. वेळेचं महत्त्व या विषयावर बोलून राहिलो होतो, बाप्पा!

ट्यूब असती तं मंदाबाईच्या बाया होत्या, तू होता, चाकं चढली असती. एकोणसत्तर मिनिटं. ते एकतीस मिनिटं माही आहेत, तुही नाहीत. तुही कधीच नव्हती.

अन तू हे सारं त्या दिवशी फळ्यासमोर एका वाक्यात सांगू शकत होता. 'ट्यूब बाबानं आणली नाही.' एवढंच. माह्या हातातला खडू गळून पडला असता. तू माह्याकडे पाहिलं, मंग फळ्याकडे पाहिलं, अन चप्पल घालून निघून गेला. काहून नाही बोलला गा? मी तुह्यावर एवढं मोठं पाप टाकलं अन तूनं माह्यावर माहं स्वतःचंही टाकलं नाही. हे मले समजत नाही. रागानं गप्प होता म्हणावं तं राग आलेला माणूस बोलते.

मोनूनं ट्यूब काढून देतो म्हटलं. मी म्हटलं, राहू दे. हात लावाची हिंमत झाली नाही. अजून तिथंच आहे.

बाबा


१६ ऑगस्ट २०२५

अश्वजित,

काल ग्रामसभा होती. तोच सदरा घालून गेलो, थोडा पिवळा पडला आहे.

रस्त्याचा विषय निघाला. सरपंच भावनाताई म्हणाल्या, नवीन रस्त्यावर केजव्हील नेऊ नका, मागच्या वेळी गुरुजींनी तक्रार देली होती, आपल्याले तो माणूस सापडला नाही. मी उभा झालो. म्हटलं, सापडला. तक्रार माह्या नावानं लिहा.

लोकांले वाटलं म्हातारा गंमत करून राहिला. मंग मी सगळं सांगितलं. अंतर सांगितलं, चाकं सांगितली, ताशी पाच सांगितलं, ट्यूब सांगितली. सदराही सांगितला.  भट्टीचं ज्यानं म्हटलं होतं तो मागं बसला होता, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याची चूक माह्यापेक्षा मोठी नव्हती, त्यानं एक शब्द टाकला, फळा माहा होता.

  मंग एक-दोघं म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, झालं ते झालं." असं म्हणाले ना लोक, का मले आणखी वाईट वाटते. मंदाबाई उठून म्हणाली, "आमाले काहाले सांगून राहिले? ज्याले सांगाचं त्याले सांगा." तिचं बरोबर आहे. ज्याले सांगाचं त्याले सांगून राहिलो.

घरी आलो अन फळा पुसला. ६६ अजून तसाच होता, तुले खोटं वाटन. ट्युशन बंद केल्यावर त्या फळ्याले मी हातच लावला नव्हता. ओल्या फडक्यानं पुसला तरी खुणा दिसतात. दिवाळीनंतर रस्त्यावर डांबर पडन, तिथले काप तरी बुजतीन.

आता एकच राहते. ते मोहाखालची चार मिनिटं. मी जन्मभर लोकांले हिशेब मागितला. पोट्ट्यांले, मायले, तुले. किती वाजता निघाला, किती वाजता आला, मंधात कुठं होता. त्या चार मिनिटांचा हिशेब मी मागत नाही. तू थकला असशील, रडला असशील, तिले पाणी पाजलं असशील. ते तुमच्या दोघांचं आहे. बापाले साऱ्याच गोष्टी माहीत असाले पाहिजे असं काही नाही, हे मले आता या वयात समजलं.

येशील तं ये. नाही आला तरी आता गावात तुह्या नावाले काही चिकटलेलं नाही. कोणी बोललं तं मले सांग, मी आहे.

बाबा


३० ऑगस्ट २०२५

बाबा,

जय भीम. चारही पत्रं भेटली. गोदामात फोर्कलिफ्टवर बसून वाचली, सुपरवायझरनं दोनदा आवाज देला.

चार मिनिटांचा हिशेब मागत नाही म्हणता, म्हणून सांगतो. मागितला असता तं सांगितला नसता.

रपटा पार केल्यावर माय म्हणाली, थांब. मी थांबून नाही राहिलो. तिनं पाठीत बुक्की मारली. मोहाखाली उभा केला, इंजिन चालूच ठेवलं. जीभ जड झाली होती तिची, पण समजत होतं. म्हणाली, "ट्यूबचं तुह्या बाबाले बोलू नको." मी म्हटलं, माय, दुकान बंद होतं, त्याहीचा काय दोष? म्हणाली, "उघडं होतं. मी सांजचाच मोनूले फोन करून इचारलं. त्याहीले बोलली नाही, दुसऱ्या दिवशी सत्कार होता." मी ट्रॅक्टर हलवाले गेलो तं तिनं हात धरला. "तो मानूस साऱ्या जिनगानीभर याचाच हिशेब करत बसन. मरून जाईन हिशेबात. बोल, नाही सांगणार." मी म्हटलं, नाही सांगणार, माय. तवा म्हणाली, आता चालव. त्याच्यानंतर ते काही बोलली नाही. दवाखाना यायच्या बऱ्याच आधी पाठीवरचं वजन वाढलं होतं. मी मागं वळून पाहिलं नाही. चालवत राहिलो.

तुमी फळ्यावर ६६ लिहिलं तवा म्हणूनच गप्प होतो. हर्षाले वाटते मी रागानं येत नाही. राग होता, खोटं कायले बोलू. लय होता. पण भीती जास्त होती. घरी राहिलो असतो तं भांडणात एक ना एक दिवस तोंडून निघालंच असतं. म्हणून गाव सोडलं, फोन बंद केला. आता तुमीच साऱ्या गावाले सांगून टाकलं. माह्याजवळ लपवाले काही राहिलं नाही.

एकतीस मिनिटांचं गणित मीही केलं होतं. रोज करत होतो. ट्यूब नव्हती हे ठाऊक असूनही करत होतो. तुमचं तिसरं पत्र आल्यावर चार-पाच दिवस केलं नाही. मंग पुन्हा एकदा केलं. आता कमी करतो.

१२ सप्टेंबरले निघतो. हैदराबादवरून नागपूर पावणेसहाशे किलोमीटर, तिथून दुसऱ्या गाडीनं तुमसर रोड. किती वाजता पोचतो ते मी सांगत नाही, तुमी काढा. गाडी मंधात थांबते, तो वेळ धरजा.

अन स्टेशनवर घ्याले येताना मोनूच्या दुकानातून ट्यूब घेऊन येजा. सदरा काळा होईन, होऊ द्या.

अश्वजित